मेंदूतील अर्बुद आणि प्रयोगशाळेतील त्याचे प्रतिरूप : एक चिकित्सा

मेंदूतील अर्बुदाच्या अभ्यासपद्धतींचे मूल्यमापन करताना मूलभूत प्रश्न असा की, प्रयोगशाळेत अभ्यासली जाते ती रुग्णाची व्याधी की तिचे सोयीस्कर प्रतिरूप? जगभर वापरल्या गेलेल्या ‘यू-८७’ या पेशीमालेचे प्रचलित रूप मूळ रुग्णाच्या अर्बुदाशी जुळत नाही, हे २०१६ मध्ये डीएनए-तपासणीतून उघड झाले.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. अंजली शिरस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मानवी ग्लायोमापासून विकसित केलेल्या दोन पेशीमाला या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात. एक मंदगतीने वाढणारी, तर दुसरी अर्बुदजनक असल्याने व्याधीच्या वाटचालीची तुलना शक्य झाली. तथापि काचपात्रातील एकाकी पेशींना रक्तवाहिन्या, मायक्रोग्लिया व तारकापेशी यांचा शेजार लाभत नाही. ग्लायोब्लास्टोमा बहुधा मूळ सीमेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच पुन्हा उद्भवतो. म्हणजेच दुर्लक्षित राहतो तो नेमका निर्णायक प्रदेश.

जिवंत ऊतींचे काप व ऑर्गनॉइड ही उणीव अंशतः भरून काढतात. परंतु त्यांस ताजी ऊती व खर्चिक यंत्रणा लागते. नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी पॅराफिन ठोकळा हेच व्यवहार्य साधन होय. त्यात पेशींची मूळ रचना टिकते आणि प्रतिपिंडाद्वारे आयडीएच-१ जनुकातील सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तनही तपासता येते. संशोधनासाठी निरोगी मेंदू कापणे सर्वथा अनुचित आहे. मात्र शस्त्रक्रियेत अपरिहार्यपणे निघालेली सीमावर्ती ऊती, रुग्णाच्या संमतीने, स्वतंत्र नोंदीसह जतन करावी. अशा नोंदीअभावी महागडी पद्धतीही अपुरीच ठरेल.