नगरी आणि नागरिक

‘नागरिक’ हा शब्द ‘नगर’ या शब्दापासून साधला जातो. परंतु नागरिकाच्या मतावाचून नगरी चालावी काय, हा प्रश्न बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीने उपस्थित केला आहे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने निर्वाचित नगरपालिकेला घटनात्मक प्रतिष्ठा दिली. त्याच दुरुस्तीतील एका परंतुकाने मात्र, जेथे उद्योगसंस्था नागरी सेवा पुरवितात तेथे ‘औद्योगिक नगरी’ घोषित करून नगरपालिका न स्थापण्याची मुभा ठेवली. या तरतुदीनुसार २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीत आलेले प्राधिकरण कर घेते, रस्ते आणि दिवे सांभाळते. त्याचे सदस्य मात्र मतपेटीतून येत नाहीत, नियुक्तीने येतात.

दोष केवळ परंतुकाचा म्हणावा, तर बंगळूर महापालिकेला ते लागू नव्हते. तरी २०२० मध्ये मुदत संपल्यावर पाच वर्षे तेथेही प्रशासकच कारभार पाहत होते. घटनात्मक नीतिमत्ता जोपासावी लागते, असे आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत बजावले होते, त्याचा अर्थ येथे उमगतो. उत्तम सेवेने ग्राहकाचे समाधान होते. नागरिकाला कारभाऱ्यास जाब विचारण्याचा आणि प्रसंगी त्याला बदलण्याचा अधिकार हवा असतो. तो नसेल, तर नगरी उरते, नागरिक उरत नाही.