व्हॅन गॉगचा विटलेला जांभळा

व्हॅन गॉगच्या ‘शयनगृह’ (१८८८) या चित्राच्या निळ्या भिंतींत त्याच्या मनाचा एकलेपणा शोधण्याचा मोह समीक्षकास होतो. परंतु ऑक्टोबर १८८८ मध्ये आर्लहून बंधू थिओ यास लिहिलेल्या पत्रात त्याने भिंती फिकट जांभळ्या असल्याचे व चित्राने विश्रांती सुचवावी, असे नमूद केले आहे. मिश्रणातील तांबडे रंगद्रव्य प्रकाशाने विटले. निळे तेवढे उरले. पिवळ्या पलंगाशी असलेला जांभळ्याचा पूरक विरोध त्यामुळे मंदावला. नवे रंग टिकाऊ नाहीत, हे तो जाणून होता. म्हणूनच ते अधिक भडक वापरावेत, असे त्याचे मत होते. जाड लेपातील कुंचल्याची गती मात्र आजही स्पष्ट दिसते. तेव्हा त्याच्या लेपनाचा निर्णय चित्रफलकावरून करावा; रंगाचा निर्णय पत्राची साक्ष काढल्यावाचून करू नये.