मल्ल आणि त्याचे तीन धनी

वाङ्मयाच्या मासिकांत कुस्तीची चर्चा कशाला, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या कलेस नियम आहेत, परंपरा आहे, जाणता प्रेक्षक आहे, आणि जिच्यांत खऱ्याखोट्याची पारख करण्याचा प्रसंग वारंवार येतो, ती कला टीकेचा विषय होण्यास सर्वथा पात्र आहे. पोलादपूर तालुक्यांतील कुडपणच्या डोंगरांत एक उंच सुळका आहे. त्यास लोक भीमाची काठी म्हणतात. त्याच तालुक्यांत तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ आहे, आणि शेलारमामांचें गांव म्हणून परंपरा कुडपणचें नांव सांगते. ज्या मुलखांत दगडासहि भीमाचें नांव मिळतें, तेथें बळाविषयीं लोकमनांत एक निश्चित कल्पना असते : बळ हें कोणाच्या तरी कामीं यावयाचें असतें. कथेंतील वृद्ध शेलारमामांची तलवार आपणांस थोर वाटते, ती तानाजी पडल्यावर उठली म्हणून.

या मापानें पाहिलें असतां, सरकारी खर्चानें तयार झालेला मल्ल जेव्हां मायदेश सोडतो आणि तिकिटें काढून आलेल्या परक्या प्रेक्षकांपुढें पैशासाठीं झुंजतो, तेव्हां त्यानें आपली विद्या विकली, असा निकाल सहज दिला जातो. हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो.

परदेशचा दाखला घेण्यापूर्वीं घरचा घेऊं. शाहू महाराजांनीं १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासांत रोमचें प्राचीन क्रीडागार पाहिलें, व पुढें १९१२ सालीं कोल्हापुरांत खासबागचें मैदान उभें केलें. मध्यें आखाडा आणि सभोंवार चढत जाणाऱ्या बैठकी, अशी त्याची रचना आहे. शेवटच्या रांगेंतील माणसासहि पाठ मातीला लागली कीं नाहीं, हें स्वतःच्या डोळ्यांनीं ठरवितां येतें. त्या मैदानाच्या आरंभींच्या गाजलेल्या कुस्त्यांत पंजाबचा इमामबक्ष, म्हणजे विख्यात गामाचा बंधु, लढला. पंजाबचे मल्ल कोल्हापुरास येत, दरबारचा आश्रय घेत, आणि त्यांचे डावपेंच पाहून येथले तरुण शहाणे होत. परमुलखाचा मल्ल ही आपल्या मातीस नवी गोष्ट नव्हे. मात्र हा आश्रय म्हणजे निव्वळ दानधर्म होता, असें समजण्याचें कारण नाहीं. दरबार खुराक देई व मल्ल दरबारास लौकिक देई. व्यवहार दोहों बाजूंचा होता. शाहू महाराजांसारखा जाणता धनी लाभल्यामुळें तो व्यवहार वाटला नाहीं, इतकेंच.

१९४९ सालीं कोल्हापूर संस्थान विलीन झालें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं मात्र गांवोगांव वर्गणी जमवावी लागली, आणि त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनीं स्वतःचें घर गहाण ठेविलें. तेथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले, १९८४ सालीं अपघातांत वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. ज्यानें विद्या विकली नाहीं, त्याची ही कथा. विकणाऱ्यास दोष देण्यापूर्वीं ती आठवावी.

त्याच काळांत दुसरी वाट उघडली होती. १९२८ सालीं पंजाबांत जन्मलेले दारासिंग १९४७ सालीं सिंगापुरास गेले, फ्रीस्टाइलच्या रिंगणांत नांवाजले आणि अखेर मुंबईकर झाले. त्यांचा प्रसिद्ध प्रतिस्पर्धी किंगकाँग, मूळ नांव एमिल झाया, हा तर पूर्व युरोपांतून आलेला. १९६८ सालीं दारासिंगांनीं अमेरिकेच्या लू थेझला मुंबईंत हरविलें. या प्रकारच्या फ्रीस्टाइल लढतींत निकाल बहुधा आधींच ठरलेले असतात, हें आतां सर्वश्रुत आहे. फ्रेंच टीकाकार रोलां बार्थ यानें १९५७ सालच्या आपल्या निबंधसंग्रहाचा आरंभच अशा कुस्तीवरील निबंधानें केला. त्याचें मत थोडक्यांत असें कीं, हा खेळ नसून नाटक आहे. वेदना, पराभव आणि न्याय यांचें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें दर्शन प्रेक्षकांस हवें असतें, आणि निकाल ठरलेला आहे किंवा कसें, याची त्यांस पर्वा नसते.

पॅरिसच्या प्रेक्षकांपुरतें हें विवेचन आम्हांस मान्य आहे. परंतु आपल्या जत्रेंतील प्रेक्षकाजवळ एक शब्द आहे, जो बार्थच्या प्रेक्षकाजवळ नसावा : नुरा कुस्ती. संगनमतानें लढलेल्या कुस्तीस तो हा शब्द तिरस्कारानें लावतो. तोच माणूस रात्रीं दशावतारांतील लुटुपुटीचें युद्ध आनंदानें पाहतो, आणि राक्षस खरोखर मेला नाहीं म्हणून पैसे परत मागत नाहीं. म्हणजे त्यास सोंगाचा विटाळ नाहीं. सोंगास खरें म्हणून विकण्याचा आहे. हा विवेक कोणत्याहि टीकाशास्त्रास भूषणावह होय.

आतां ज्या मल्लावर विद्या विकल्याचा आरोप अगदीं थेट येऊं शकेल, त्याकडे वळूं. क्यूबाचा योएल रोमेरो सरकारी शिक्षणांत तयार झाला. १९९९ सालीं तो जगज्जेता ठरला व २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें त्यानें रौप्यपदक मिळविलें. २००७ सालीं जर्मनींतील स्पर्धेनंतर तो मायदेशीं परतला नाहीं. पुढें ठोसे, लाथा आणि कुस्ती यांच्या मिश्र रिंगणांत व्यावसायिक लढवय्या झाला व अमेरिकेंत स्थायिक झाला. येथील झुंज नुरा नव्हे. मार खरा आणि हारहि खरी. तेव्हां व्यावसायिक म्हणजे खोटें, हें समीकरण येथें टिकत नाहीं. फरक आहे तो निराळ्या जागीं. आपल्या कुस्तींत प्रतिस्पर्ध्यावर प्रहार करणें हा दोष आहे. त्यास इजा न करतां निरुत्तर करणें हें तिचें सौंदर्य. नव्या रिंगणांत प्रहार हीच पहिली भाषा. हा पालट केवळ डावांचा नसून वृत्तीचा आहे. 'सुलतान' या २०१६ सालच्या हिंदी चित्रपटांत आखाड्यांतला नायक याच वाटेनें जातो. पण तेथें तो पालट अल्पावधींतल्या कसरतीनें व निश्चयानें साधतो. नायक दमतो, जखमी होतो. आपण जें करीत आहोंत तें कुस्ती राहिली काय, हा प्रश्न मात्र त्यास पुरेसा छळीत नाहीं. चित्रपटाचें खरें नाट्य तेथेंच होतें, आणि तें निसटलें, असें आमचें मत आहे.

२०२० च्या मार्चमध्यें रोमेरो अजिंक्यपदासाठीं इस्रायल अडेसान्याशीं लढला, तेव्हां तो बेचाळीस वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाचा मल्ल वस्ताद होऊन हौद्याच्या काठावर बसतो. दोघेहि बराच वेळ एकमेकांचा अंदाज घेत राहिले, आणि प्रेक्षकांनीं हुर्यो केली. रोमेरो हरला. त्या हुर्योंत तिसऱ्या धन्याचा स्वभाव दिसतो. राजास लौकिक हवा होता, सरकारास पदक हवें असतें, तिकिटवाल्यास खळबळ हवी असते. तिघांचे तराजू निरनिराळे. परंतु चाळिशीनंतर या देहाचें काय होणार, हा प्रश्न त्यांच्यापैकीं एखाद्यानेंच, आणि तोहि क्वचितच, विचारला आहे.

म्हणून मल्लानें धनी बदलला, एवढ्यावरून त्याच्या कलेचा निकाल देणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. त्यानें झुंज खरी ठेविली काय, आणि शिकलेलें कोणास दिलें काय, हें पाहावें. पहिल्याचें उत्तर त्याच्या हातीं असतें. दुसऱ्याचें बरेंचसें आपल्या. आपण सुशिक्षित मंडळी पदकाची बातमी मुलांस वाचून दाखवितों, पण गल्लींतल्या तालमीचें दार आपल्यापैकीं कितीजणांनीं ओलांडलें आहे? ज्या दिवशीं मध्यमवर्गीय घरांतला मुलगा त्या मातींत उतरेल आणि म्हाताऱ्या वस्तादाच्या घरीं त्याचें वेतन नियमानें पोंचेल, त्या दिवशीं मल्लास धनी शोधीत देशोदेशीं फिरण्याचें कारण थोडें तरी कमी होईल. तोंवर त्याच्या निष्ठेची परीक्षा घेण्याचा अधिकार आपण जरा जपूनच वापरावा.