बदमाशांची चित्रशाळा आणि ‘उचल्या’

भ्रष्ट पुढाऱ्यांची यादी देताना आपले लेखक-वक्ते ‘रोग्ज गॅलरी’ हा इंग्रजी शब्दप्रयोग सहज वापरतात. बदमाशांची चित्रशाळा, एवढाच अर्थ त्यांना अभिप्रेत असतो. परंतु यातले दोन्ही शब्द वर्गीय आहेत. ‘गॅलरी’ म्हणजे उमरावांच्या वाड्यातले, पूर्वजांच्या तसबिरींचे लांब दालन. आणि सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात ‘रोग’ म्हणजे मुळात चोर नव्हे, तर बिनमालकाचा, भटकून भीक मागणारा माणूस. १५७२ च्या कायद्याने त्याला फटके मारून उजवा कान तापल्या लोखंडाने भोसकण्याची शिक्षा ठरवली. परवाना नसलेले अस्वलवाले, फेरीवाले, कल्हईवाले सगळे त्या व्याख्येत आले. भटकणे हाच गुन्हा!

१८५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या पोलिसांनी गुन्हेगारांची छायाचित्रे मांडून ठेवली. उमरावी दालनाची ही थट्टाच. पण तसबीर कुणाची व कुणाच्या मर्जीने, हा फरक थट्टेत लपत नाही. तिथले पोलीस अधिकारी थॉमस बर्न्स यांच्या १८८६ च्या ग्रंथात एक छायाचित्र आहे. त्यात कैदी तोंड वेडेवाकडे करतो आहे आणि शिपाई त्याला कॅमेऱ्यासमोर दाबून धरताहेत. त्या सबंध ग्रंथात मला हाच एक चेहरा जिवंत वाटतो.

तरी तिथे निदान माणसागणिक एक चौकट होती. इंग्रजांनी हिंदुस्थानात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ साली तो देशभर लागू करण्याची सोय केली, आणि चेहऱ्याचीही गरज उरली नाही. सबंध जमातच चौकटीत बसवली. पाळण्यातले मूलही त्यात आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी पोलिसांची नजर तीच ठेवली.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आत्मकथेला ‘उचल्या’ हे नाव दिले, याचे मोल कळते. चौकटीखाली दुसऱ्यांनी लिहिलेले नाव त्यांनी स्वतः उचलले आणि पाहणाऱ्याकडे रोखले. घरावर पडणाऱ्या पोलिसांच्या धाडी ते आतून सांगतात. इथे तसबीरच पोलिसांचे वर्णन करते आहे. असे असता खिसे कापण्याच्या युक्त्यांसाठी हे पुस्तक चवीने वाचणारे रसिक काय करतात? ते त्याला पुन्हा त्याच भिंतीवर टांगतात. मग मुलाला शाळेत घालणारा बाप, सूतगिरणीतली नोकरी, तिथला कामगारांचा लढा, ही पाने त्यांच्या नजरेतून निसटतात.