फकिराला परवानगी कुणाची?

अभ्यासवर्गाच्या यादीतून ‘फकिरा’ काढून टाका, असं आमच्या नेकनूरच्या बैठकीत सुचवलं गेलं. माझा विरोध आहे. तो नुसता नोंदवून भागणार नाही, म्हणून लिहितो.

१९५९ साली मराठीत दोन कादंबऱ्या आल्या. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आणि अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’. ‘फकिरा’ला प्रस्तावना खांडेकरांचीच. ‘ययाति’ला १९६० साली साहित्य अकादमी मिळाली, मग १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं ते पहिलं. ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य सरकारचं बक्षीस. आता दोन्ही अभिजात!

‘ययाति’वरून शिकलेले लोक भांडतात ते आधी बघा. एक म्हणतो भोगाचा धिक्कार केलाय. दुसरा म्हणतो कसला धिक्कार, पानंच्या पानं भोगच तर आहे. दोघंही राजाच्या पलंगाभोवतीच घिरट्या घालायलेत. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली कहाणी सांगतात. शर्मिष्ठा दासी झाली म्हणून वाचक हळहळतो. ती राजकन्या होती म्हणून हळहळतो! जन्माच्या दासीची पोर या पुस्तकात वेगळी आहे. अलका. ययातीचा जीव तिच्यावर जडला आणि राजमातेनं तिला विष देऊन संपवलं. खांडेकरांनी हे झाकलं नाही, एवढं मान्य. पण अलकेला स्वतःच्या तोंडानं बोलायला एक प्रकरण मिळालं नाही. मी जिनिंगात सरकी-रुईच्या धुळीत पाळी करणारा माणूस. भोग की त्याग, या वादात मला काडीचा रस नाही. दासीच्या पोरीच्या मरणाचा हिशेब कुणी मागितला का, एवढंच मी विचारतो.

‘फकिरा’चं भांडण मात्र घरातलं, म्हणून जास्त कडू.

एक कार्यकर्ता मित्र म्हणतो, १९५६ ला आपण धम्म घेतला आणि त्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या पुस्तकाची सुरुवात काय, तर जोगणी! शिगावची जोगणी आपल्या गावाला आणायची म्हणून राणोजी जीव देतो. जत्रा गावाची, मान पाटलाचा, मुंडकं आमचं. दुसरा म्हणतो, अरे हे पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलंय, त्याला तू अंधश्रद्धेत कसं काढतोस? तिसरा हळूच म्हणाला, ती मांगांची कादंबरी, आपली नव्हं. याला मी तिथंच बोललो आणि इथंही बोलतो. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. तेव्हा दलित हा शब्द आपल्या सगळ्यांचा होता. आता पोटजातीची कुंपणं घालून पुस्तकं वाटून घ्यायची असली तर अभ्यासवर्ग बंद करा आणि वधूवर मेळावे भरवा.

पहिल्या मित्राचा मुद्दा मात्र खरा आहे. त्याला उत्तर बैठकीत मिळालं नाही, ऊसतोडीला जाणाऱ्या एका मावशीकडून मिळालं. तिच्या पोरीनं तिला पुस्तक वाचून दाखवलं. वाटेगाव वाळवा तालुक्यातलं, आणि मावशीच्या टोळीनं त्याच मुलखात ऊस तोडलेला. जोगणीचं तिला काही विशेष वाटलं नाही. मालकाच्या इज्जतीपायी आपल्या माणसाचा जीव जातो, हे तिनं पुस्तकाबाहेर पुष्कळ पाहिलंय. ती अडली दुसऱ्याच जागी. दुष्काळात विष्णुपंत कुलकर्णी मांगांना सांगतो की काहीही करा पण जगा, आणि मग फकिरा धान्य लुटतो. मावशी म्हणाली, लुटलं ते ब्येस केलं, पर कुळकर्ण्याला इचारून कशापायी?

माझ्या मते ‘फकिरा’वरची ही खरी टीका. भुकेल्याच्या हाताला कुलकर्ण्याची परवानगी का लागावी? अण्णा भाऊ कम्युनिस्ट, लाल बावटा कलापथकातले. इंग्रजाविरुद्ध सगळा गाव एक करायचा म्हणून त्यांनी पंताला इतका चांगला केला. तिथं कादंबरी लंगडते.

पण तेवढ्यावरून ती फेकायची? माणसाला जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ साली गेला. अण्णा भाऊ १९२० चे, म्हणजे बत्तीस वर्षांचं आयुष्य त्यांनी त्या कायद्याच्या काळात काढलं. पुस्तकातली हजेरी ही त्यांची कल्पना नव्हे. आणि शेवटी फकिरा शरण जातो ते भिऊन नाही. सरकारनं त्याची माणसं धरून ठेवलीत म्हणून जातो. इथं पंताची परवानगी लागत नाही, पाटलाचा मानही नाही. बापानं गावासाठी डोकं दिलं, पोरानं आपल्या माणसांसाठी. माझ्या मित्रानं जोगणीपाशीच पुस्तक मिटलं असावं, नाहीतर बापलेकाच्या मरणातला हा फरक त्याच्या नजरेतून सुटला नसता.

तर यादीत ‘फकिरा’ राहू द्या आणि त्याला जोडून ‘ययाति’तली अलका वाचा. वाचायला मावशीच्या पोरीला बोलवा, मावशीलाही. दसरा झाला की टोळी निघते, तेव्हा वर्ग त्याच्या आधी घ्या.