हरिपाठ : पाठांतर, धृपद आणि अर्थ
(खानदेशातील परंपरेच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

वारकऱ्याच्या नित्यनेमात हरिपाठाचे स्थान कोणते, हे या अंकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. तथापि ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव या ग्रंथांवर जेवढे समीक्षात्मक लेखन झाले, त्या मानाने ज्ञानदेवांच्या नावे असलेल्या हरिपाठाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. जो विचार झाला तो प्रामुख्याने दोन अंगांनी झाला. एक, कर्तृत्वाच्या अंगाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव भिन्न असल्याचे मत मांडले आणि हरिपाठ त्या वादात आपोआप ओढला गेला. दुसरे अंग तत्त्वविचाराचे, म्हणजे नाममाहात्म्य, अद्वैत आणि भक्ती यांच्या परस्परसंबंधाचे. हरिपाठ शिकला कसा जातो, हा प्रश्न या दोहोंत कोठेच येत नाही. वस्तुतः ज्या रचनेच्या नावातच 'पाठ' आहे, तिच्या बाबतीत हा प्रश्न पहिला यावयास हवा होता. मराठीत 'पाठ' म्हणजे धडा आणि 'पाठ' म्हणजे मुखोद्गत. शिकणे आणि मुखी वसणे या दोन क्रियांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे, हे सहज झालेले नसावे.

पाठांतराविषयी सुशिक्षितांचा आक्षेप सर्वपरिचित आहे. अर्थ न कळता म्हटलेले शब्द ही पोपटपंची होय, असे आपण वर्गात नेहमी सांगतो, आणि परीक्षेच्या संदर्भात ते खरेही असते. हा आक्षेप हरिपाठास लागू पडतो काय, हे पाहण्यासाठी प्रथम रचनेकडे वळावे लागेल.

रचना हीच अध्यापनपद्धती

हरिपाठाचे अभंग सत्तावीस की अठ्ठावीस, याविषयी प्रतींत एकवाक्यता नाही. छंद मात्र निश्चित आहे. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. या छंदास मराठी छंदशास्त्राने 'देवद्वार' हे नाव दिले तेच मुळी हरिपाठाच्या पहिल्या अभंगावरून. चौथा चरण आखूड असल्याने म्हणणाऱ्यास तेथे श्वास घेण्यास जागा मिळते आणि समूहातील मागे पडलेल्या आवाजास पुढच्यांना गाठता येते. अभंग हा अक्षरछंद असल्याने ऱ्हस्व-दीर्घाचे बंधनही सैल आहे. याउलट समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. तेथे लघु-गुरूचा क्रम चुकला की चूक कानास तत्काळ कळते. म्हणूनच मनाच्या श्लोकांची पाठांतरस्पर्धा शाळाशाळांतून सहज घेता येते. हरिपाठाची स्पर्धा घेणे त्याच्या स्वभावास मानवत नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते धृपद. गावोगावच्या हरिपाठात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या असतात, विणेकरी मध्ये असतो, मृदंग चालू असतो. अभंगाचे चरण ज्यांना येतात ते म्हणतात. धृपद सर्वच म्हणतात. पहिल्या दिवशी आलेल्या मुलास धृपदाखेरीज काही येत नसते. पण तेवढ्यावर तो रांगेत उभा राहू शकतो, पावली टाकू शकतो आणि दर काही ओळींनी सर्वांच्या बरोबरीने म्हणू शकतो. त्याचे न येणे कोणाच्या नजरेस येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा चरण त्याच्या तोंडून आपोआप निघतो. कोणी त्यास तो शिकविलेला नसतो आणि केव्हा आला हे त्यालाही सांगता येत नाही. ज्यास येत नाही त्यालाही येणाऱ्यांच्या रांगेत जागा देणारी ही पद्धती होय. माझ्या मते हरिपाठाच्या रचनेचा गाभा येथे आहे.

वैदिक पठणाशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ हे सर्व प्रकार वर्ण आणि स्वर यांच्या रक्षणासाठी सिद्ध झालेले आहेत. युनेस्कोने २००३ साली या परंपरेचा गौरव केला तो याच अचूकतेसाठी. तेथे चूक अक्षम्य, आणि म्हणून प्रवेशही मर्यादित. हरिपाठाने नेमका उलटा मार्ग स्वीकारला. अक्षराच्या अचूकतेचा आग्रह थोडा सोडला आणि दार उघडे ठेवले. यात काही गमावलेही आहे. प्रतींतील पाठभेद हा त्याचा पुरावा. परंतु परंपरेने केलेली ही निवड होती, निष्काळजीपणा नव्हे.

खानदेशाची भूमी

मुक्ताबाईंची समाधी ज्या परिसरात आहे त्या मुक्ताईनगर-कोथळीस या विचारात विशेष अर्थ आहे. तेथून जवळच, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे. चौदाशे वर्षांच्या योग्याने ज्ञानदेवांना पाठविलेल्या कोऱ्या पत्राची आख्यायिका सर्वश्रुत आहे. वडील म्हणून नमस्कार लिहावा की लहान म्हणून आशीर्वाद, हे न कळल्याने पत्र कोरे राहिले. मुक्ताबाईने त्यावर मार्मिक भाष्य केले, ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांनी उत्तर दिले, आणि पुढे मुक्ताबाई त्या योग्याची गुरू झाली. आख्यायिकेची ऐतिहासिकता बाजूस ठेवली तरी तिच्यातील शैक्षणिक आशय दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्यास सर्व येते त्याचे पान कोरे राहते, कारण आपली जागा कोणती हे त्यास ठरविता येत नाही.

आषाढी वारीसाठी मुक्ताबाईंची पालखी येथूनच पंढरपूरला जाते. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांचा वैशाखातील उत्सव भरतो. याखेरीज जळगाव-धुळ्याच्या ग्रामीण भागात होणारे अखंड हरिनाम सप्ताह आहेत. पहाटे काकडा, दिवसा पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. पारायणास वाचता यावे लागते, कीर्तनास अधिकार लागतो. हरिपाठास केवळ येऊन उभे राहावे लागते. सप्ताहात शेतातून परतलेला मजूर ज्या कार्यक्रमात प्रत्यक्ष तोंड उघडतो तो बहुधा हाच.

येथे बोलीचा मुद्दा उपस्थित होतो. लेवा गणबोलीत आणि खानदेशीत 'ळ'चा 'य' होतो. 'डोळा' तेथे 'डोया' असतो. हरिपाठात मात्र 'काळ' आणि 'वेळ' येतात आणि घरी 'येय' म्हणणारे मूल सायंकाळी 'वेळ' म्हणू लागते. त्याच्या दृष्टीने हरिपाठ ही जवळजवळ दुसरीच भाषा आहे, आणि तीही सातशे वर्षांपूर्वीची. अर्थ प्रथम समजावून मग पाठ द्यावयाचा असे ठरविले तर बहुसंख्यांचा हरिपाठ कधी सुरूच झाला नसता.

मग अशा पाठातून निष्पन्न काय होते? पोपटपंचीच होत असेल तर आक्षेप मान्य करावा लागेल. या ठिकाणी बहिणाबाई चौधरींचे उदाहरण टाळता येत नाही. १८८० साली आसोद्यास जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. ओवी, अभंग, कीर्तन, जात्यावरचे गाणे हे सर्व त्यांच्यापर्यंत पोहोचले ते कानावाटे. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सोपानदेवांनी जपून ठेवलेली गाणी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ऐकून साठविलेल्या शब्दांतून अनुकरण नव्हे, तर स्वतःची भाषा आणि स्वतःचा विचार निर्माण होऊ शकतो हे मराठी वाचकांनी पाहिले. प्रत्येक पाठकर्ता कवी होतो असा याचा अर्थ नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. एवढेच म्हणता येईल की, श्रवण आणि पुनरुच्चार यांनी बुद्धी मारली जाते हा सिद्धान्त या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

धुळ्याचे दुसरे उत्तर

अर्थाच्या प्रश्नाला एक वेगळे उत्तर याच प्रदेशाशी जोडलेले आहे. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळेना. वामनपंडितांचा समश्लोकी अनुवादही अवघड वाटला. 'तूच का करीत नाहीस?' या आशयाच्या त्यांच्या प्रश्नातून पुढे १९३०-३१ मध्ये गीताई सिद्ध झाली. १९३२ मध्ये विनोबा धुळे तुरुंगात असतानाच तिची पहिली आवृत्ती निघाली, आणि त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. ती प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. म्हणजे पठणासाठी गीताई आणि आकलनासाठी गीताप्रवचने, अशी विभागणी एकाच वर्षी एकाच गावी झाली.

विनोबांचे उत्तर सरळ आहे. भाषाच अशी सोपी करावी की म्हणता म्हणता अर्थ कळावा. गीताईची भाषा या कसोटीस उतरते, यात शंका नाही. परंतु अध्ययनाच्या दृष्टीने तिच्यात हरिपाठाची एक सोय नाही. तिला धृपद नाही. सातशे श्लोक सरळ म्हणावयाचे असतात. ज्यास येत नाही त्याने पुस्तक धरावे अथवा ऐकावे. म्हणून गीताई आश्रमाच्या आणि शाळेच्या प्रार्थनेत रुळली, टाळ-मृदंगाच्या रांगेत नाही. अर्थाची सुगमता आणि प्रवेशाची सुगमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपले शिक्षणशास्त्र पहिलीलाच सर्वस्व मानते, असे मला वाटते.

हरिपाठाचा स्वतःवरील आक्षेप

येथवरच्या विवेचनावरून हरिपाठाच्या परंपरेत सर्व आलबेल आहे असा समज होऊ नये. यांत्रिक पाठाविरुद्धचा सर्वांत कठोर आक्षेप हरिपाठातच आहे. एकीकडे क्षणभर देवाच्या दारी उभे राहण्याने मुक्ती साधते, नामाला काळवेळ नाही, असे तो सांगतो. दुसरीकडे भावावाचून भक्ती नाही, संतसंगतीवाचून मार्ग नाही, विधी आणि योग यांनी सिद्धी होत नाही, असेही बजावतो. ही विसंगती नव्हे काय? पुष्कळ निरूपणकार भाव म्हणजे श्रद्धा असे म्हणून पुढे जातात. मला ते पुरेसे वाटत नाही. रोज त्याच वेळी, त्याच चालीवर, त्याच क्रमाने म्हटलेला हरिपाठ हाही एक विधीच होतो, आणि ज्या विधीस हरिपाठ नाकारतो त्यात त्याचे स्वतःचे पठणही येऊ शकते. रचना स्वतःच्या वापराविषयी साशंक आहे. रोज म्हणणाऱ्यास ती रोज विचारते की भाव कोठे आहे. ज्यास अर्थ कळत नाही त्याच्यापर्यंत हा प्रश्न उशिरा पोहोचतो. काहींच्या बाबतीत तो कधीच पोहोचत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

हा उशीर भरून काढण्याची व्यवस्था संप्रदायाने केलेली आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था हे तिचे ठळक रूप. तेथे पाठांतराच्या पाठोपाठ चार वर्षांच्या क्रमात अर्थाचे अध्यापन होते. परंतु ती परंपरेने मुलांची शाळा. मुक्ताबाईंच्या आणि बहिणाबाईंच्या प्रदेशातील ज्या स्त्रिया भजनी मंडळांतून हरिपाठ म्हणतात, त्यांच्यासाठी अर्थाची अशी व्यवस्था कोठे आहे, हा प्रश्न विचारावयास हवा.

महाविद्यालयातील हरिपाठ

हा सर्व विचार आज करण्याचे कारण आपल्या वर्गाशी संबंधित आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार भारतीय ज्ञान प्रणाली हा घटक पदवी अभ्यासक्रमात आला आहे आणि संतसाहित्य, स्तोत्र-पठण यांसारख्या विषयांना श्रेयांक देण्याच्या कल्पना पुढे येत आहेत. ज्या विद्यापीठास २०१८ पासून एका निरक्षर कवयित्रीचे नाव आहे, त्याच्या कक्षेत असे विषय यावेत हे योग्यच. परंतु पठणास गुण दिले की काय होते? ज्यास येते आणि ज्यास येत नाही त्यांना वेगळे करणे हे परीक्षेचे कामच आहे. धृपदावर विसंबून रांगेत उभा असलेला विद्यार्थी तेथे अनुत्तीर्ण ठरतो. शिवाय वर्गात सर्व धर्मांचे विद्यार्थी असतात. साधना म्हणून पठण सक्तीचे करणे शिक्षणाच्या दृष्टीने अप्रशस्त, आणि भावाची अट घालणाऱ्या हरिपाठाच्या दृष्टीनेही व्यर्थ.

अभ्यासाचा विषय म्हणून मात्र करण्याजोगे पुष्कळ आहे. सत्तावीस आणि अठ्ठावीस अभंगांच्या प्रती समोरासमोर ठेवून पाठभेद तपासता येतील. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमविलेली समर्थ संप्रदायाची बाडे धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. बाडात राहिलेला पाठ आणि मुखात राहिलेला पाठ यांची तुलना आपल्या जिल्ह्यांतच होऊ शकते. यावल, रावेर, अमळनेर, शिरपूर या भागांतील सप्ताहांतून हरिपाठाचे ध्वनिमुद्रण करून बोलीचा उच्चारावर होणारा परिणाम नोंदविता येईल. भजनी मंडळांतील स्त्रियांना एखाद्या चरणाचा अर्थ विचारला आणि त्या सांगतील तसा लिहून घेतला, तर छापील टीकांहून निराळे निरूपण हाती येण्याचा संभव आहे. हे काम मराठी, संगीत आणि भाषाशास्त्र या विभागांनी मिळून करावे. पाठ करवून घेण्याचे काम गावाकडेच राहू द्यावे; तेथे त्याची व्यवस्था आपल्याहून बरी आहे.