भीती गेली की वेदना जाते का?

डॉ. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज प्रसूतितज्ज्ञांचे पुस्तक १९४२ मध्ये प्रथम निघाले आणि पुढे ‘चाइल्डबर्थ विदाउट फिअर’ या नावाने गाजले. गर्भवतींसाठी शिक्षणवर्ग भरवण्याच्या कल्पनेला त्याने मोठे बळ दिले. आजही ते वाचावे, पण तपासून वाचावे.

पुस्तकाच्या मुळाशी एक अनुभव आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका बाईने बाळंत होताना क्लोरोफॉर्म नाकारला. नंतर विचारल्यावर, आपल्याला दुखलेच नाही, असे तिने सांगितले. डिक-रीड यांनी पुढे एक साखळी मांडली : भीतीने स्नायू ताठरतात, ताठरल्याने वेदना होते, वेदनेने भीती वाढते. बाईला आधी सगळे समजावून सांगा, अंग सैल सोडायला शिकवा, म्हणजे साखळी तुटेल.

यातला काही भाग खरा आहे. वेदना म्हणजे शरीराने मेंदूला धाडलेली साधी तार नव्हे. भीती, लक्ष, सोबत यांनी तिची तीव्रता बदलते. मात्र ‘भीतीने वेदना वाढते’ आणि ‘वेदना भीतीमुळेच होते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. लेखक पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेतात. गर्भाशयाचे जोरदार आकुंचन आणि त्याचे मुख ताणले जाणे तर निर्भय बाईलाही चुकत नाही.

मग शिक्षणाचा उपयोग किती? मेलझॅक व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसववेदना मोजल्या. वर्ग केलेल्या स्त्रियांच्या वेदना सरासरीने कमी भरल्या, पण फरक थोडाच होता. शिवाय आपणहून वर्गाला जाणाऱ्या स्त्रिया मुळातच वेगळ्या असू शकतात. यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणे. स्वीडनमध्ये १,०८७ पहिलटकरणींचे असे गट पाडले. एका गटाला श्वसन व शिथिलीकरणाचे शिक्षण दिले, दुसऱ्याला नेहमीचे. २००९ च्या अहवालानुसार दोन्ही गटांत ५२ टक्के स्त्रियांनी एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ दिले जाणारे वेदनाशामक, घेतले. उलट सिडनीतील १७६ स्त्रियांच्या चाचणीत (२०१६) हे प्रमाण वर्ग केलेल्यांत सुमारे २४ टक्के, तर इतरांत सुमारे ६९ टक्के होते. त्या वर्गात मालिश, दाबबिंदू, योगासने आणि जोडीदाराने करायची मदत हेही शिकवले होते.

दोन्ही निकाल खरे असू शकतात, कारण ‘शिक्षण’ हा एकच शब्द असला तरी शिकवलेले वेगळे होते आणि तुलनाही वेगळ्या गटांशी होती. आणखी एक गोष्ट विसरू नये. एपिड्युरल न घेणे म्हणजे न दुखणे नव्हे. चाचणीने औषध मोजले. वेदना हा निराळा प्रश्न आहे.

या पुस्तकाचा खरा दोष इथे जाणवतो. वेदना भीतीतूनच येत असेल, तर कळांनी ओरडणारी बाई घाबरट किंवा न शिकलेली ठरते. वर्ग नेमाने करूनही जिला औषध मागावे लागले, ती स्वतःला नापास समजते. धीर देण्यासाठी लिहिलेले पुस्तक तिच्या माथी असा दोष मारते, हे अन्यायाचे आहे. गर्भवतीला माहिती जरूर द्यावी, तो तिचा हक्कच आहे. पण त्याच वर्गात हेही सांगावे, की दुखेल, कदाचित खूप दुखेल, आणि तेव्हा औषध मागण्यात काही कमीपणा नाही.